आटलेल्या गाईचे अंथरूण

राजांची नावेसुद्धा आज कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका राजाच्या गोठ्यात एक म्हातारी गुराखीण होती. गोठ्यावर एक कारभारी होता.

दुभत्या गाईला कोरडा पेंढा आणि आटलेल्या गाईला मागचे चिखलाचे अंगण, हा त्याचा नियम. विण्याला दोन महिने उरले की गाईचे दूध काढणे थांबवून तिला आटवत आणि मागे हाकलत. गुराखी कासेत दूध लपवतात आणि मागून चोरून काढतात, असा कारभाऱ्याला संशय. म्हणून तो रोज सकाळी आटलेल्या गाईंचे सड पिळून पाही.

म्हातारीने त्याला तीनदा सांगितले होते. दूध आटले की सडाचे तोंड आतून आपोआप बंद होते. पिळले की ते उघडते आणि चिखलाची घाण कासेत शिरते. तिन्ही वेळा तो हसला.

त्या वर्षी तिची लाडकी तांबडी गाय आटली. म्हातारीने तिला मागे नेलेच नाही. स्वतःच्या झोपडीवरचा पेंढा उपसून तिने गाईखाली पसरला.

सकाळी कारभारी आला, तशी ती मध्ये उभी राहिली.

"आजी, आज अंथरूण घातलंत, उद्या उशी द्याल."

"देईन. पण सडाला हात लावू देणार नाही."

"गाय राजाची आहे."

"म्हणूनच."

कारभारी चिडला. गाय तोवर राहू दे, पण विताना कास बिघडलेली दिसली, तर म्हातारीने राज्य सोडून जायचे, असे त्याने बजावले. म्हातारीने मान डोलावली.

रवंथ करता करता गाय म्हणाली, "मी काही फुकट बसलेली नाही. पुढच्या दुधाची तयारी चालली आहे."

दोन महिने म्हातारी गळक्या छपराखाली राहिली, पण गाईखालचा पेंढा ओला होऊ दिला नाही.

मग एकाच आठवड्यात साऱ्या आटलेल्या गाई व्याल्या. मागच्या अंगणात कासा तापल्या, दगडासारख्या झाल्या. वासरू लुचायला गेले की गाय लाथ मारी. चार गाईंचे सड कायमचे गेले. तांबडीची कास मात्र मऊ होती.

कारभारी भांडे घेऊन आला. वासरांसाठी थोडा चीक द्या, म्हणाला.

म्हातारीने भांडे घेतले आणि त्याच्या हातात फावडे दिले.

"वासरांना मी आत्ताच पाजते. तुम्ही तो चिखल उपसा. उद्यापासून तिथे पेंढा पडेल आणि सड कुणी पिळणार नाही."

राजाच्या कारभाऱ्याने साऱ्या गोठ्यासमोर चिखल उपसला.

ज्याच्याकडून उद्या घ्यायचे आहे, त्याच्या विश्रांतीची आज राखण करावी, मग समोर कुणीही उभा असो.