नसलेल्या कप्प्याचं उत्तर

“शेवटी दादानं माझं नाव घेतलं होतं का?”

वहिनीला विचारलं, सिस्टरला विचारलं. कोणी सांगितलं नाही. दवाखान्यातून आलेला दादाचा फोन मी रागानं कापला होता. चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्यानंतर त्याचा लॅपटॉप घेऊन मी गोरक्षे सरांकडे गेलो. त्यांच्या हाताखाली दादानं वेबवरच्या कागदांना प्रश्न विचारायची कॉम्प्युटरची भाषा घडवली होती. कागदात कप्पे, कप्प्यांत कप्पे. हव्या त्या कप्प्याची वाट लिहायची, उत्तर येतं. दवाखान्याची फाइलही तशीच होती. वहिनीनं ती लॅपटॉपवर उतरवून दिली होती.

“हिलाच विचारा,” मी म्हणालो. “दादाची भाषा खोटं बोलणार नाही.”

सरांनी टाइप केलं. रुग्ण, शेवटचा दिवस, भावाला हाक.

पडद्यावर आलं: नाही.

मी वेल्डर आहे. हात भाजला तरी ओरडत नाही. तिथे ओरडलो.

सरांनी पुन्हा बोटं कळांवर ठेवली.

“आणखी विचारू? तो रडला का?”

नाही.

“गोरक्षे उशाशी बसला होता का?”

नाही.

“पण तुम्ही तर तिथेच होता!”

“तीन दिवस.”

“मग हे असं का सांगतं?”

“फाइलीत तो कप्पाच नाही. कप्पा नसेल तर ‘नाही’ म्हणायचं, हा तुझ्या भावाचा नियम. मी म्हणायचो, जागा रिकामी सोड. तो म्हणायचा, सर, लोकांना उत्तर लागतं.”

“हट्टीच होता.”

“आणि फोन कापणारा कोण?”

मी लॅपटॉपच्या कडेची धूळ अंगठ्यानं पुसली.

“दवाखान्यात तो मला म्हणाला, तुमचं बरोबर होतं सर, घरी गेलो की तो नियम बदलतो.”

“मग तुम्हीच सांगा. माझं नाव...”

“पहाटे माझा डोळा लागला होता. उठलो तेव्हा तो गेलेला.”

...

सरांनी नियमाची ओळ उघडली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“मला नाही येत, सर. सातवी नापास आहे मी.”

“खोडता येतं ना?”

‘नाही’च्या पुढे रेघ लुकलुकत होती. मी एका बोटानं तो शब्द खोडला. एकेक अक्षर. दादासाठी एवढंच करायचं राहिलं होतं.

“आता पुन्हा विचार,” सर म्हणाले.