वैशाखात भिजत आलेला पाहुणा

पूर्वी कोसल देशावर एक वृद्ध राजा राज्य करीत होता. त्या काळी नदीकाठच्या एका खेड्यात बोधिसत्त्व शेतकरी होऊन जन्मास आला होता. त्याचे नाव सोमदत्त. दोन बैल, नदीकडे उतरत गेलेले लहानसे शेत आणि उत्पला नावाची पत्नी, एवढाच त्याचा संसार.

त्या वर्षी वैशाखात पाऊस लागला. वळीव येतो नि जातो, हे उत्पलेला ठाऊक होते. हा गेला नाही. त्याला वारा नव्हता, गडगडाट नव्हता. धारा सरळ उतरत आणि उतरतच राहत. नांगरलेली जमीन तापलीच नाही. खळ्यावरचे तीळ काळे पडले, शेण्या वाळेनात, बैलांचे खूर कुजू लागले, जात्यावर बुरशी धरली. एवढे पाणी साचूनही कुठे बेडूक ओरडत नव्हता. उत्पलेला पावसापेक्षा त्या शांततेचीच भीती वाटे.

घरात कोरडी जागा एकच उरली होती, चुलीवरचा माळा. तिथे धुराच्या उबेत, शेणाने लिंपलेल्या कणगीत, पुढच्या पेरणीचे साळीचे बी होते. उत्पला रोज माळ्यावर चढून कणगीत हात घाली आणि बी कोरडे लागले की खाली उतरे.

मग गावात कुजबुज सुरू झाली. दिवेलागणीला शेतांत कुणी एक माणूस उभा दिसतो, आणि तो ज्या बांधावर उभा राहतो तिथे पाऊस सर्वांत दाट पडतो. तो दारोदार येतो आणि आत घ्या म्हणतो. गावचा प्रमुख असलेल्या ग्रामणीने सर्वांना बजावले की कुणी दार उघडायचे नाही; उद्या उजाडताच काठ्या घेऊन त्याला नदीत लोटू.

त्याच संध्याकाळी तो सोमदत्ताच्या दारात आला. उत्पलेने फटीतून पाहिले. डोक्यावर वळचण असूनही त्याच्या केसांतून पाणी पन्हाळीसारखे वाहत होते. त्याने पाऊल उचलले की खालचा ठसा पाण्याने भरून येई. गोठ्यातले बैल दावणीला ताण देऊन मागे सरले होते, पण हंबरत नव्हते.

"आत घ्या," तो म्हणाला. "मला वाळायचे आहे."

तू कोण, असे सोमदत्ताने विचारले तेव्हा त्याने काही लपवले नाही. नदीच्या वरच्या अंगाला त्याची मोठी कोठारे होती. एका पावसाळ्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई त्याच्या दारी आली. सारवलेली जमीन चिखलाने भरेल म्हणून त्याने अडसर घातला. ओढ्याने त्या दोघांना नेले. पुढे तो स्वतः कोरड्या अंथरुणात मेला, आणि तेव्हापासून भिजतो आहे. तो जाईल तिथे पाऊस त्याच्या मागून येतो.

उत्पलेने पतीला बाजूला घेतले. हा आत आला तर पाऊसही आत येईल, मग पेरायचे काय आणि खायचे काय, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे आहे, हे सोमदत्ताने मान्य केले. त्याने बाहेरच्याला विचारले, "तू आत आलास तर आमचे बी भिजेल का?"

"भिजेल."

सोमदत्त पत्नीकडे वळला. "बी दोघांचे आहे, उत्पले. तू नको म्हणालीस तर दार उघडणार नाही. मी मागल्या दाराने जाऊन त्याच्याशेजारी बसेन. त्याला एकटे ठेववत नाही."

उत्पलेचा हात अडसरावर होता. ती बाई तिने कधी पाहिली नव्हती. पण अशाच एका दाराबाहेर ती ओली होऊन उभी असेल, आणि आत अशाच अडसरावर कुणाचा तरी हात असेल, हे तिच्या मनात आले. तिने अडसर काढला.

"या," ती म्हणाली. "चुलीजवळ बसा."

तो आत आला आणि पाऊस त्याच्यासोबत आला. वाशांतून, भिंतींतून पाणी झरू लागले. चूल चरचरली आणि विझली. माळ्यावर कणगीचा लेप विरघळला, बी लगद्यासारखे खाली पडू लागले. उत्पलेने तिकडे पाहिले नाही. आपल्या ओढणीने ती त्याचे डोके पुसत राहिली. ते विहिरीच्या तळच्या दगडासारखे गार होते. ओढणी पिळावी, पुसावे, पुन्हा पिळावी. सोमदत्त त्याचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसला. मग एकदा तिने ओढणी पिळली आणि पाणी आले नाही. पाहुण्याने आपला तळहात गालाला लावून पाहिला आणि डोळे मिटले. तो बसला होता तिथे कोरडी जमीन तेवढी उरली.

उजाडले तेव्हा ऊन पडले होते. पाण्याने भरलेल्या ठशांचा माग काढत ग्रामणी माणसे घेऊन आला. ओल्या घरातला तो कोरडा तुकडा पाहून कुणी उंबरा ओलांडला नाही. काठ्या खाली ठेवून सारे परत गेले.

चिखलातून गोळा केलेले निम्मे बी सडले होते. उरलेल्याला मोड आले होते. मोडाला थांबायला सवड नसते, म्हणून नवराबायकोने ते त्याच दिवशी गाळात फेकले. शेताचा एक कोपरा तेवढा पिकला. त्या वर्षी घरात दिवसातून एकदाच चूल पेटे.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, जातकाचा, पूर्वजन्माच्या या कथेचा, आताच्या माणसांशी मेळ घातला. "भिक्षूंनो, तेव्हाचा ग्रामणी तो देवदत्त. उत्पला ती राहुलमाता. सोमदत्त मीच होतो. आणि तो पाहुणा आज याच सभेत दाराजवळ बसला आहे. त्याचे नाव मी सांगणार नाही. याला अभयदान म्हणतात. ज्याचे आपल्याला भय वाटते, त्यालाच ते द्यावे लागते."