गिरजेच्या हातातली कातर

घाटाच्या तोंडाशी वसलेल्या एका पेठेत एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते. सारी पेठ त्यांना तात्या म्हणे. त्यांच्याजवळ गिरजा नावाची एक मुलगी वैद्यकी शिकत होती. आईबापांच्या मागे ती चौदाव्या वर्षी त्यांच्या दारी आली, आणि आता तिला तेविसावे लागले होते. तात्यांचे हात थरथरू लागल्यापासून बहुतेक रोगी तीच बघे. नाडी तिला कळे, काढे तिला जमत, बाळंतपणाला तिचा हात हलका म्हणून बायका तिचे नाव घेत.

या गिरजेने तीन वर्षांपासून जटा राखल्या होत्या.

कशासाठी राखल्या, हे विचारणारे पुष्कळ होते आणि तिचे उत्तर फार साधे होते. तिचे केस जन्मापासून दाट आणि कुरळे. लहानपणी मावशी तिला गुडघ्यांत दाबून धरून त्यांतून फणी ओढी, आणि केस विंचरणे म्हणजे रडणे हे समीकरण तेव्हापासून तिच्या मनात पक्के बसलेले. पुढे एकदा ती महिनाभर तापाने पडून राहिली, तेव्हा केसांचे आपोआप पेड वळले. अंगात ताकद आल्यावर तिने परातीतल्या पाण्यात आपले रूप पाहिले, आणि ते तिला प्रथमच आपले वाटले. त्या दिवशी तिने फणी उचलून ठेवली. आठवड्यातून एकदा रिठ्याने धुवायच्या, उन्हाकडे पाठ करून वाळवायच्या, मुळाशी बोटांनी पिळून सारख्या करायच्या, असा तिचा नेम होता.

"मला अशाच आवडतात," ती म्हणे.

हे उत्तर पेठेला पचत नसे. नवस म्हटला असता तर लोकांनी मान डोलावली असती. रोग म्हटला असता तर कीव केली असती. केवळ आवडतात म्हणून बाईमाणसाने जटा वाढवाव्यात, हे कुणाच्या हिशेबातच बसत नव्हते. तिच्या हातून काढा घेताना कुणी नाक मुरडी, कुणी पोराला जवळ ओढून घेई. काही म्हाताऱ्या उलट तिच्या पायांवर हळदकुंकू वाहायला येत, हिला देवीने धरले आहे म्हणत, आणि गिरजा घाईने पाय मागे घेई. नावे ठेवणाऱ्यांचा आणि पाया पडणाऱ्यांचा तिला सारखाच शीण होई.

तात्या मात्र जटांविषयी कधी चकार शब्द बोलले नाहीत. एकदा तिने धीर करून विचारले, "तात्या, तुम्हाला कसं वाटतं हे?"

"अडुळसा वाळला का बघ," तात्या म्हणाले.

त्या मौनाचा अर्थ गिरजेने आपल्या सोयीने लावला. वेळ आली तर तात्या आपल्या बाजूने उभे राहतील, या भरवशावर ती ताठ मानेने वावरत होती.

ती वेळ चैत्र सरता सरता आली. पाणी आटले आणि पेठेत पटकी शिरली. सकाळी उलट्या आणि जुलाब, दुपारी खोल गेलेले डोळे, आणि दिवस मावळायच्या आत घरासमोर तिरडी. पहिल्या आठवड्यातच सहा माणसे गेली. गुरू आणि शिष्या घरोघर फिरत होते, उकळून निवलेल्या पाण्यात मीठ आणि गूळ घालून पळीपळीने पाजत होते. फिरता फिरता गिरजेच्या ध्यानात आले, की गेलेली सारी माणसे एकाच विहिरीचे पाणी पिणारी होती. ती विहीर एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या तळाला लागून होती. घाटावरून येणारे बैलांचे तांडे त्या तळावर उतरत, आणि तिथली सगळी घाण उताराने विहिरीकडे झिरपे.

तिने पारावर उभे राहून सांगितले, "ती विहीर बंद करा. ते जमत नसेल तर निदान पाणी उकळून प्या."

विहीर बंद झाली तर तांडे पुढच्या गावी उतरतील, हे व्यापाऱ्याला लगेच कळले. आणि त्याच दिवसांत, कुणी सुरू केली कोण जाणे, पेठेत एक कुजबुज फिरू लागली. पटकी त्या पोरीच्या जटांनी आणली.

एका दुपारी व्यापारी स्वतः आला. तात्या कुठे रोगी पाहायला गेले होते. ओसरीवर टेकत तो गोड आवाजात म्हणाला, "पोरी, मी काही तुझं वाईट चिंतत नाही. पण लोक चिडलेत. एक तर काप त्या, नाहीतर देवीच्या आहेत म्हणून सांग. देवीचं नाव घेतलंस की हेच लोक तुझ्या पायावर डोकं ठेवतील. औषधही मुकाट घेतील."

"आणि विहीर?"

"तेही तूच सांगायचं. देवीला ती विहीर चालते म्हणून."

गिरजेला क्षणभर हसू आले. ती म्हणाली, "शेटजी, देवीनं मला काही सांगितलेलं नाही. विहीर मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघून आले आहे."

व्यापारी उठला. "मग लोकांना सुचेल ते करतील. मला बोल लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक आले. चाळीस-पन्नास माणसे असतील. एका माणसाच्या हातात मेंढरे कातरायची लांब पात्यांची कातर होती. सर्वांच्या पुढे येसू होती. तिच्या चार वर्षांच्या मुलाला आदल्या रात्री पटकीने धरले होते. तो मुलगा जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा हातात घेतले होते ते गिरजेनेच.

येसू अंगणातच गुडघ्यांवर बसली. "गिरजे, तुझ्या पाया पडते. काप गं त्या. लेकरू पहाटेपासून गार पडत चाललंय. केसांचं काय, परत येतील."

व्यापारी धमकी देऊन गेला तेव्हा गिरजा घाबरली नव्हती. येसूचा आवाज मात्र तिला सोसवेना. तिने मागे वळून पाहिले. तात्या दारात उभे होते.

ते सावकाश पायऱ्या उतरले. लोक आपोआप बाजूला झाले, कारण पेठेत असा एकही माणूस नव्हता ज्याच्या घरात तात्यांच्या औषधाने कुणी उठून बसले नव्हते. त्यांनी त्या माणसाच्या हातातून कातर काढून घेतली. आता ते काय बोलतात याकडे साऱ्यांचे कान लागले. तात्यांनी ती कातर गिरजेच्या हातात ठेवली, तिची बोटे मुठीवर मिटवली, आणि एक शब्दही न बोलता ते माघारी फिरले. आत गेले. दार लागले, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

गिरजा त्या बंद दाराकडे बघतच राहिली. नऊ वर्षे ज्याला बाप मानले, त्याने तिला पन्नास माणसांपुढे एकटे सोडले होते.

तिने एक जट मुठीत धरली आणि कातर उघडली. किती सोपे होते. येसू उठून घरी जाईल, लोक पांगतील, उद्यापासून कुणी नाक मुरडणार नाही. कापण्याआधी तिने सहज वर पाहिले. समोरच्या चेहऱ्यांवरचा राग उतरत होता आणि त्याच्या जागी सुटकेचा भाव येत होता. जणू रोगी आताच बरे झाले होते. त्या सुटकेची तिला रागाहून जास्त भीती वाटली.

"येसू," ती म्हणाली, "मी कापते. पण आधी मला सांग, घरी जाऊन लेकराला पाणी कुठलं पाजशील?"

"विहिरीचं. आणखी कुठलं?"

"उकळून?"

"आता कशाला उकळायचं? तू कापल्यास की झालं ना!"

गिरजेने जट सोडली आणि कातर जमिनीवर ठेवली.

"मग नाही कापत. केस परत येतात, हे तू खरं बोललीस. पण माझे केस पडले की तुम्ही सगळे निर्धास्त होऊन त्या विहिरीवर जाल. पटकी माझ्या डोक्यात नाही, येसू. हा अंगणातला हंडा उकळलेल्या पाण्याचा आहे. मी तुझ्याबरोबर येते. लेकराजवळ बसते, हवं तितके दिवस बसते."

एक दगड आला आणि तिच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरले. तिने हंड्याच्या काठाला धरले, पण ती खाली बसली नाही. "ज्याला पाणी न्यायचं त्यानं न्या," ती म्हणाली. पाणी न्यायला कुणी पुढे आले नाही, आणि दुसरा दगडही कुणी उचलला नाही. येसू उठली, तिच्या दिशेने थुंकली आणि चालू लागली.

कपाळाला चिंधी बांधून, कळशी घेऊन गिरजा तिच्या मागोमाग गेली. येसूने दार उघडले नाही. गिरजा दिवस मावळेपर्यंत त्या उंबऱ्याबाहेर बसून राहिली. मधूनमधून ती हाक मारी. आतून फक्त मुलाचे कण्हणे ऐकू येई, पुढे पुढे तेही कमी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल गेले.

त्यानंतर दोन हमालांच्या बायका परसदाराने पाणी मागायला आल्या. मग आणखी काही घरे आली, तोंड लपवून. त्या घरांतून पुढे कुणी दगावले नाही. बाकीच्यांत माणसे जातच राहिली. अखेर वैशाखात विहीर आपोआप आटली, तांडे दुसरीकडे वळले आणि पटकी ओसरली. कुणी म्हणाले, बळी घेऊन देवी शांत झाली. गिरजा खरे सांगत होती, असे कुणी म्हणाले नाही.

इतके दिवस गिरजा तात्यांशी कामापुरतेच बोलत होती. एके दिवशी औषध कुटता कुटता तिचा हात थांबला.

"दार का लावलंत तात्या?"

तात्यांना तो प्रश्न अपेक्षित असावा. ते म्हणाले, "मी बोललो असतो तर लोक परत गेले असते. माझ्या वयाला ते भितात. पण मग तुझ्या जटा माझ्या परवानगीनं राहिल्या असत्या. मी आणखी किती दिवसांचा? मी गेल्यावर ते पुन्हा कातर घेऊन आले असते, आणि तू पुन्हा मागं वळून कुणाचं तरी तोंड बघितलं असतंस. तीन वर्षं तू ताठ चालत होतीस ती माझ्या जिवावर. मला ते दिसत होतं. म्हणून मी जटांना कधी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही."

"आणि मी कापल्या असत्या तर?"

"तर त्या तू कापल्या असत्यास. तेही चाललं असतं मला. कातर मी तुझ्या हातात दिली होती, त्यांच्या नाही." त्यांची नजर तिच्या भुवईवरच्या वणाकडे गेली. "दगड लागल्याचं मला आत कळलं, गिरजे. दार उघडायला कडीवर गेलेला हात मागे घ्यायला मला फार कष्ट पडले."

"येसूचं लेकरू गेलं."

"गेलं. ते तुझ्या हट्टानं गेलं, असं तुला जन्मभर अधूनमधून वाटत राहील. त्यावर माझ्याजवळ औषध नाही. स्वतःवर विश्वास असला की मन शांत राहतं, असं लोक सांगतात. मला तसा अनुभव नाही. आपण खोटं बोललो नाही, एवढंच माणसाला ठाऊक असतं, आणि तेवढ्यावर त्याला दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागायचं असतं."

गिरजेने बत्ता उचलला आणि उरलेले औषध कुटून पुरे केले.

तात्या त्याच वर्षी थंडीत गेले. पेठेने नावे ठेवणे थांबवले नाही. कुणी नाक मुरडी, कुणी कुंकू आणी, आणि गिरजा आठवड्यातून एकदा जटा धुऊन उन्हाकडे पाठ करून बसे.

पुढच्या चैत्रात एका सकाळी येसू आली. कडेवर धाकटी मुलगी होती, तिला जुलाब होत होते. येसू पायरीवरच थांबली आणि जमिनीकडे बघत तिने विचारले, "पाणी किती वेळ उकळायचं?"

"आत ये," गिरजा म्हणाली. तिने मुलीचे पोट पाहिले, जीभ पाहिली आणि चुलीवर पातेले ठेवले.

येसू भिंतीला टेकून बसली. पदर सावरत ती म्हणाली, "तुझ्या त्या जटा मला अजून बघवत नाहीत."

"नको बघूस," गिरजा म्हणाली. "इकडे पातेल्यात बघ. बुडबुडे आले की लगेच उतरवायचं नाही. पाणी खळखळू लागलं की तिथून पुढे शंभरपर्यंत मोजायचं."

येसू मुलीला मांडीवर घेऊन चुलीजवळ सरकली. मग दोघी पाणी उकळायची वाट बघत बसल्या.