टेंबाईच्या पायऱ्या आणि ठकूबाईचे पाय

अंतोबा महाराज टेंबगावात आले ते माघ सरता सरता, आणि आले ते पायी. गाडीघोडे त्यांना वर्ज्य नव्हते. पण पायी चालताना वाटेवर माणसांची पावले दिसतात, गाडीतून नुसती डोकी दिसतात, असे महाराज म्हणत. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एक जुनी धर्मशाळा होती. तिथे त्यांनी घोंगडी अंथरली. समोर बारमाही झरा, आणि झऱ्यापासून थेट वर टेंबाईच्या देवळापर्यंत दोनशे ऐंशी पायऱ्या. ही कथा त्या पायऱ्यांची आहे. सांगणाऱ्याचे गुडघेही आता कुरकुरतात, तेव्हा मध्येच कुठे दम खाल्ला तर भाविकांनी सांभाळून घ्यावे.

टेंबाईला रोज सकाळी झऱ्याच्याच पाण्याने स्नान घालायचे, अशी तिथली रीत. पाणी वाहण्याची सेवा कोळ्यांच्या एका घराकडे होती. नियम दोन होते. पायऱ्या अनवाणी चढायच्या, आणि भरलेली घागर गाभाऱ्यापर्यंत कुठेही टेकवायची नाही. टेकली तर पाणी उष्टे झाले, सेवा मोडली. हे नियम कुणी घातले असे विचारले, तर गाव म्हणे पूर्वापार. पूर्वापार म्हणजे कधीपासून, हे कुणालाच सांगता येत नसे.

दीडशेव्या पायरीच्या कडेला कमरेएवढा एक देव होता. लोक त्याला 'मधला देव' म्हणत. तो कुणाचा, कसला, याची चौकशी कुणी केली नव्हती. दर अमावास्येला त्याला शेंदूर चढवायचा मान मात्र पाटलांच्या घराकडे तीन पिढ्या चालत आला होता. चढवून चढवून त्या देवाचा नुसता शेंदरी गोळा झाला होता, आणि शेंदूर ओघळून पायरीवरही थापला गेला होता.

सेवेकरीण होती ठकूबाई. वय पंचावन्नाच्या पुढे, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. सासूने मरताना डोक्यावर घागरीखाली ठेवायची चुंबळ तिच्या हातात दिली होती, तेव्हापासून तीस वर्षे ती पाणी वाहत होती. घरात बोलायला माणूस नव्हते. सकाळी उठायचे ते देवीला पाणी हवे म्हणून. ती सेवा गेली असती, तर उठावे कशाला, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला असता.

पहिल्याच सकाळी महाराज झऱ्यावर तोंड धूत होते. ठकूबाई घागर भरून गेली, आणि मागे ओल्या मातीत तिची पावले उमटली. महाराज खाली वाकून ती बघत राहिले. तळव्याची कमान पार बसली होती, सगळे पाऊल चपटे उमटले होते. डावा पाय तर उचललाच जात नव्हता, मातीत नुसता ओढल्याची रेघ होती.

ती परत आल्यावर महाराज म्हणाले, "माय, बैस जरा. पाय दाखव."

"पाय? न्हाई म्हाराज, पाय बघन्यासारखं न्हाईत."

"म्हणूनच बघायचे."

तिने संकोचाने पाय पुढे केले. टाचांच्या भेगांत करंगळीचे पेर जावे इतक्या त्या खोल होत्या. आतून रक्त, वरून माती. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, "किती दमलीस गं!" एवढेच. पण तीस वर्षांत हे तिला कुणी म्हटले नव्हते. ती पदर तोंडाला लावून बसली.

मग महाराजांनी कोमट पाण्यात मीठ घालून तिचे पाय त्यात ठेवायला लावले. संताने आपले पाय धरावेत म्हणजे काय, म्हणून ती ओढून घेऊ लागली. महाराजांनी ऐकले नाही. टाचा मऊ पडल्यावर वजरीने हलक्या हाताने मेलेली कातडी काढली, कोकमाचे तेल वितळवून भेगांत सोडले, वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. हे रोज संध्याकाळी. आणि आठवड्याभरात त्यांनी स्वतः बसून वहाणा शिवल्या. दुहेरी तळ, टाचेखाली घोंगडीच्या चार घड्या, आणि कमान बसली होती तिथे आतून उंचवटा, म्हणजे पाऊल पडताना आधार मिळावा. पायऱ्या चढतानाही त्या घालायच्या, असे त्यांनी तिला बजावले.

"आणि जेवतेस काय?" महाराजांनी विचारले.

ठकूबाईने बोटांवर मोजून सांगितले. सोमवारचा उपास, मंगळवार देवीचा, शुक्रवार सासूने धरलेला, शिवाय एकादशी. बाकीच्या दिवशी भाकरी आणि मिठाची चटणी.

"अगं, मग गुडघे काय वाऱ्यावर चालणार? आठवड्याचे तिन्ही उपास सोड."

"सोडू? देवी कोपंल!"

"कोपली तर आमच्यावर कोपेल. आम्ही सांगितले म्हण. सकाळी नाचणीची आंबील पिऊन चढायचे, ताक घालून. दुपारी हुलग्याचे माडगे. शेवग्याचा पाला दारात आहे तो गुरांना घालतेस, तो आपल्या कालवणात घाल. आणि रोज मूठभर तीळ, गुळाच्या खड्याबरोबर."

ठकूबाईने ऐकले. पहिले चार दिवस आंबील पिण्याआधी ती देवळाकडे बघून देवीची क्षमा मागत असे. महिन्याभराने मातीतली रेघ नाहीशी झाली. डावा पाय उचलला जाऊ लागला. कळ गेली नव्हती, हाडे जुनीच होती. पण पूर्वी तीसेक पायऱ्यांवर थांबून धापा टाकणारी बाई आता शंभर पायऱ्या एका दमात चढू लागली.

हे गावात चाललेले तुळाजी पाटलांच्या कानावर गेले नसते तर नवल. पाटील देवस्थानाचे मानकरी. उत्सवात चांदीची मूठ असलेली काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचे आणि देवीवर पहिले पाणी ओतायचे, हा त्यांचा मान. माणूस वाईट नव्हता, पण ताठा असा की मान वळवायची तर सगळे अंग वळवावे लागे. ठकूबाईच्या पायांना तेल लावणे चालू असतानाच ते चार माणसे घेऊन धर्मशाळेत आले.

"काय ओ महाराज, देवीच्या पायऱ्यांवर चामडं चढवलंत म्हणं?"

महाराज म्हणाले, "पाटील, तुमच्या गोंधळ्याच्या संबळावर काय ताणलेले असते? ते तर थेट देवीच्या पुढ्यात वाजते."

सोबतचे लोक हसले, आणि तेच पाटलांना लागले. ते ठकूबाईकडे वळले. "उपास सोडलंस, वहाणा घातल्यास. उद्या म्हनशील पालखी पाठवा. तुजं पाय दुखत्यात म्हनून देवी काय पायऱ्या खाली आननार हाय व्हय?"

ती उठून उभी राहिली आणि पावले लुगड्याखाली झाकू लागली.

"ऐक," पाटील म्हणाले. "चैती पुनवंचं स्नान तूच आनायचं. अनवाणी. आन वाटेत हंडा टेकला, तर सेवा दुसऱ्या घराला. पंचांनी ठरवलंय."

ते गेल्यावर ठकूबाई महाराजांपुढे मटकन बसली. पुनवेचे स्नान भर दुपारी बारा वाजता असे, आणि त्या दिवशी घागरीऐवजी मोठा हंडा. चैत्राच्या उन्हात दगड तव्यासारखा तापतो. "म्हाराज, तुमीच पाटलास्नी सांगा की."

"आम्ही सांगून ऐकतील? डोंगर आमचा नाही, पाटलांचाही नाही. जिचा आहे तिला आपण रोज सांगू." आणि त्या संध्याकाळपासून महाराज तिच्या टाचांना तेल दुप्पट लावू लागले.

पुनव उजाडली. ऊन माथ्यावर येत गेले तसा सगळा गाव पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला. ठकूबाई आंबील पिऊन आली होती. पहिल्या पायरीशी तिने वहाणा काढल्या, दोन्ही एकमेकींना लावून नीट ठेवल्या, चुंबळ बसवली, हंडा डोक्यावर घेतला. पाटील काठी घेऊन पुढे निघाले. महाराज तिच्या बाजूने चालत होते, एकेक पायरी, तेही अनवाणी.

पन्नास पायऱ्या झाल्या. ऐंशी झाल्या. बायका कौतुकाने बघत होत्या. पण शंभरीच्या पुढे सावली संपली. तापलेल्या दगडावर नुकत्या भरून आलेल्या भेगा पुन्हा उलल्या. पायरीवर रक्ताचा ठसा दिसला, मग प्रत्येक पायरीवर दिसू लागला. तिचे ओठ हलत होते. डावा गुडघा दर पायरीला बाहेर फेकला जात होता. कुणाला हात लावायची मुभा नव्हती. तिचा श्वास दोन्ही बाजूंच्या लोकांना ऐकू येत होता.

दीडशेव्या पायरीवर, मधल्या देवासमोर, ती थांबली. एक पाय वरच्या पायरीवर ठेवला, आणि दुसरा तिच्याने उचलवेना. हंडा डुचमळला, पाणी खांद्यावर सांडले.

वरून पाटील ओरडले, "टेकव की! टेकव, आन मोकळी हो!"

ठकूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. ती म्हणाली, "आई, तीस वर्सं आनलं गं. आता न्हाई जमत. मी दमले."

महाराजांनी वर देवळाकडे बघून हात जोडले. त्यांचा आवाज नेहमी शांत असे, त्या वेळी तो फुटला. "आई! लेक दमली. तुझ्या दारात दमायलाही जागा नाही का?"

आणि भाविकहो, मधल्या देवाच्या माथ्यावर तडकल्याचा आवाज झाला. शेंदराला वरपासून खालपर्यंत चीर गेली. वीतभर जाडीचे ते कवच दोन्ही बाजूंनी सुटले आणि धपकन पायरीवर पडले. उन्हाने शेंदूर सुटला असेल, असे म्हणणारे आजही भेटतात. म्हणोत बापडे. तीन पिढ्यांचे चैत्र त्याच उन्हाचे होते, तेव्हा नाही तो सुटला.

आत मूर्ती नव्हती. डोळे नव्हते, हात नव्हते. काळ्या दगडाचा एक घडीव ओटा होता, आणि त्याच्या माथ्यावर गोल खळगा, भांड्याच्या बुडासारखा. ओट्यासमोर पायरीवर थापलेला शेंदूरही उखडला होता. तिथे दगडात दोन पावलांची झीज होती, शेजारीशेजारी.

म्हातारे सोनबा गुरव पुढे आले. त्यांनी खळग्यात हात फिरवला आणि ते मोठ्याने म्हणाले, "अवो, ही तर हंड्याची बैठक! हितं पाणी ठिवून बाया दम खात व्हत्या!"

महाराज म्हणाले, "माय, टेकव."

ठकूबाईने पाटलांकडे पाहिले. पाटलांची नजर त्या झिजलेल्या पावलांवर खिळली होती. तिने आपली पावले त्या दोन झिजलेल्या जागी ठेवली, गुडघे किंचित वाकवले, आणि हंडा त्या खळग्यात उतरवला. तो असा बसला की थेंब हलला नाही. मग ती ओट्याला पाठ टेकून खाली बसली आणि तिने डोळे मिटले. सगळा गाव उभा होता आणि ती एकटी बसली होती.

महाराज हलकेच म्हणाले, "कुणा कनवाळू माणसाने हा विसावा घडवला. मग कुणी भक्तीने त्याला टिळा लावला, दुसऱ्याने बोटभर, तिसऱ्याने मूठभर. देव मोठा होत गेला आणि विसावा आत गाडला गेला. दोष भक्तीचा नाही, पाटील. कुणी खाली वाकून पाहिले नाही, एवढेच."

पाटलांचा चेहरा पांढरा पडला होता. तो शेंदूर त्यांचा होता, त्यांच्या बापाचा होता, आजाचा होता. दर अमावास्येला मिरवत मिरवत त्यांनी आपल्या हातांनी दमल्या बायांची जागा लिंपून टाकली होती. ते खाली ओट्यापाशी आले, काठी त्याला टेकवून ठेवली आणि तसेच पुढे पायऱ्या उतरू लागले. लोकांना वाटले, अपमान झाला म्हणून घरी चालले.

ते थेट पहिल्या पायरीशी गेले. ठकूबाईच्या वहाणा त्यांनी दोन्ही हातांत घेतल्या आणि परत फिरले. जन्मात पहिल्यांदाच पाटील काठीशिवाय, हात गुंतलेले, त्या उन्हात चढत होते. साठाव्या पायरीला त्यांना धाप लागली. शंभराव्या पायरीला पाय लटपटू लागले, तळवे भाजून ते मध्येच नाचल्यासारखे पावले उचलू लागले. त्यांना हसावे असे कुणाच्या मनात आले नाही. दीडशेव्या पायरीवर पोचले तेव्हा ते घामाने निथळत होते.

त्यांनी आधी महाराजांच्या पायांवर वाकायला सुरुवात केली. महाराज मागे सरले. "आमचे पाय धडधाकट आहेत, पाटील."

पाटील ठकूबाईपुढे गुडघ्यांवर बसले. वहाणा तिच्या पावलांशी ठेवल्या. तिच्या टाचांकडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि बघवेना म्हणून डोळे मिटले. "तीस वर्सं," ते धापा टाकत म्हणाले, "तीस वर्सं तुज्या म्होरं चाललो, ठकूबाई. नुसती काठी मिरवत. आन मागं वळून बघितलं न्हाई."

त्यांनी पागोटे काढून पायरीवर ठेवले आणि तिच्या पायांवर डोके टेकले.

ठकूबाई गडबडली, पाय मागे घ्यायला गेली, पण पाटील हुंदके देत होते. कोकमाच्या तेलाचा आणि रक्ताचा डाग त्यांच्या कपाळाला लागला. तिने भीत भीत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपण बसली होती त्या पायरीवर थोडी सरकून जागा केली.

"बसा पाटील," ती म्हणाली. "दम खावा. पानी मग नेऊ."