द्वारकाबाईंची होडी

पर्यटकांचं मोठं जहाज बेटाजवळ थांबलं. छोट्या होड्यांतून सगळे किनाऱ्याकडे निघाले. काठी टेकत द्वारकाबाई बिवलकरही रांगेत उभ्या राहिल्या. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच फिरत.

"तुमचे गुडघे धड नाहीत, सोबतीला माणूस नाही. होडीत उतरणं तुम्हाला जमायचं नाही!" जहाजावरचे अधिकारी खर्डेकर सगळ्यांदेखत गुरकावले.

"आणि जहाज बुडायला लागलं तर मला कशातून न्याल?"

"याच होड्यांतून. म्हातारी माणसं सगळ्यांत आधी!" खर्डेकरांनी छाती फुगवली.

"मग बुडताना जे जमेल, ते तरंगताना का जमू नये?"

खर्डेकर वाटेतून बाजूला झाले. दोन खलाशांनी बाईंना अलगद होडीत उतरवलं.

किनाऱ्यावर त्यांतला एक म्हणाला, "आजी, फोटो काढतो. घरी कोणाला पाठवू?"

"काढ बाबा," बाई म्हणाल्या, "कोणाला पाठवायचा, ते आठवून सांगते."