कड्यावरचा दोर

वेत्रपुरात जयसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या डोंगरात, कड्यावरचा मध काढणाऱ्या लोकांत जन्मले होते. या लोकांचा एक नियम होता. जो कडा उतरेल त्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. सख्खा भाऊसुद्धा एखादे वेळी वाटणीच्या लोभाने दोर सोडील, पण आपली बहीण विधवा व्हावी असे कोणाला वाटेल?

सात वर्षे बोधिसत्त्व आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा, भद्रिकाचा, दोर धरीत आले. उतरताना भद्रिक दर वेळी हसून म्हणे, "नीट धर रे. तुझ्या बहिणीचा नवरा वाईट असेल, पण एकच आहे!"

मग त्या बहिणीला, उत्पलेला, ताप आला. वैद्य डोंगराखाली राहत होता. "उतरेल आपोआप," असे म्हणून भद्रिक बाजारात दारू प्यायला गेला. चौथ्या दिवशी उत्पला गेली. बोधिसत्त्व दूरच्या रानात गेले होते; त्यांना निरोप पोचला तेव्हा चिता विझलेली होती.

महिन्याने मधाचा हंगाम आला. भद्रिकाचा दोर धरायला कोणी तयार होईना. तो बोधिसत्त्वांच्या दारात आला आणि मान खाली घालून म्हणाला, "घरी म्हातारी आई उपाशी आहे. एकदा धर."

वस्तीच्या मुखियाने बोधिसत्त्वांना बाजूला घेतले. "बाबा, नियम उत्पलेबरोबर संपला. तू बांधील नाहीस. आणि दोर सुटलाच, तर तुला कोणी विचारणारही नाही."

"ठाऊक आहे," बोधिसत्त्व म्हणाले.

"मग कशाला जातोस?"

बोधिसत्त्वांनी दोर उचलला.

भद्रिक अर्ध्या कड्यावर पोचला. पोळ्याला धूर लागताच माश्या उठल्या आणि वर येऊन बोधिसत्त्वांच्या मानेवर, डोळ्यांवर, ओठांवर डसू लागल्या. त्यांच्या मनात आले, 'आता सोडला तर लोक माश्यांना दोष देतील. माझी बहीण तळमळत होती, तेव्हा हा कुठे होता?' बोटे सैल झाली. दोर हातभर सरकला.

खालून भद्रिक ओरडला, "आहेस ना रे?" या वेळी त्याला थट्टा सुचली नव्हती.

बोधिसत्त्वांनी विचार केला, 'सोडू नको असे मला कोणी म्हणत नाही. धर असेही कोणी म्हणत नाही. मग आता जे होईल, ते सगळे माझेच.' त्यांनी दोराचा एक वेढा कमरेला घेतला आणि ओरडून म्हणाले, "आहे, दाजी. चढा."

वर येताच भद्रिक त्यांच्या पायांवर पडला. "मला क्षमा केलीस?"

"नाही," सुजल्या ओठांनी बोधिसत्त्व म्हणाले. "राग आहे अजून. पण राग माझा आहे, जीव तुमचा आहे."

मुखिया म्हणाला, "नियम नसताना धरलास!"

"नियमाने सात वर्षे हातांना शिकवले. ते शिकले की नाही, हे आज कळले."

एवढी कथा सांगून शास्ते, भिक्षूंचे गुरू, सभेत मागे बसलेल्या एका भिक्षूकडे पाहू लागले. नियमात मनाई नाही, मग आजारी सोबत्याला सोडून मी पुढच्या गावी का जाऊ नये, असे त्याने सकाळी विचारले होते.

"भद्रिक तो तूच होतास," शास्ते म्हणाले. "तुझा आजारी सोबती त्या जन्मी उत्पला होता. मुखिया म्हणजे आपले ज्येष्ठ भिक्षू, स्थविर सुयाम, आणि दोर मी धरला होता. नियम बोट धरून चालवतो. ते बोट सुटल्यावरही जो वाट सोडत नाही, तोच मोकळा. या गुणाला शील म्हणतात."

भिक्षू उठला आणि आजाऱ्याच्या कुटीकडे गेला.