पायांपुढच्या झडपा

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. घडलं तसं लिहितो.

"बाबा, तुमचे कान कुणी भरले?"

शिवनाथबाबा मठाच्या पायरीवर बसून धुनीसाठी काटक्या मोडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कशावरून?"

"तुम्ही आत्ताच म्हणालात, हणमंता, उद्यापासून तुझ्या मागं गाडीवर बसणार नाही."

"म्हणालो."

"मग कुणी सांगितलं तसं?"

बाबांनी आणखी एक काटकी मोडली...

मार्गशीर्ष लागला की बाबांची फेरी निघते. माणदेशात गावोगावी मठाचे शिष्य आहेत, पहाटे निघून त्यांच्याकडे जायचं आणि संध्याकाळी मठात परतायचं. लांबच्या प्रवासासाठी भक्तांनी एक मोठी मोटारसायकल दिली आहे. ती मी चालवतो, बाबा मागे बसतात. मठात माझं एवढंच काम. ते गेलं तर मी तिथं कोण म्हणून राहायचं?

पहाटेच्या वाऱ्यानं माझ्या नडग्या बधिर व्हायच्या. म्हणून यंदा मी फायबरच्या दोन झडपा केल्या. साचा मीच केला. पुढच्या क्रॅशगार्डला, दोन्ही पायांच्या समोर त्या बोल्टनं आवळल्या आणि भगवा रंग दिला. गावोगावी लोक हात लावून बघायचे. वारा असा अडायचा की भर थंडीत चप्पल घालून गाडी चालवावी.

आणि तेव्हापासूनच मठात माझ्या माघारी काहीतरी शिजत होतं.

"दिगंबरनं सांगितलं," मी म्हणालो. दिगंबर बाबांचा जुना शिष्य. त्याच्याकडे जीप आहे.

"असेल."

"त्याला तुम्हाला जीपमधून न्यायचंय. परवा माझ्यादेखत तुमच्या मांडीवर घोंगडं टाकलं त्यानं. कशाला? मला दाखवायला."

"असेल."

"नाहीतर पारूबाई." पारूबाई मठाचा स्वयंपाक करते. "रोज संध्याकाळी मिठाची पोटली गरम करून तुमच्या खोलीत नेते. मी विचारलं तर म्हणते, तुला काय करायचंय, तू गाडी पळव. हे काय बोलणं झालं?"

"बोलणं वाईटच."

"आणि भिकू न्हावी. तुमच्या पायाला तेल चोळताना तोंड सुरू असतं त्याचं. मी आलो की गप्प."

"हे मात्र खरं. तुला बघून तो गप्प होतो."

"म्हणजे तिघं मिळून?"

"तिघंच का? मलाही धर की त्यात."

"तुम्हाला?"

"सगळ्यात जवळ तर मीच बसतो. संशय घ्यायचा तर पुरता घ्यावा, हणमंता. अर्धा कशाला?"

मी खाली बघितलं. तोही मनात येऊन गेला होता.

"झडपा खटकल्या का तुम्हाला?" मी विचारलं. "पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, बाबा, वारा अडतो का? तुम्ही म्हणालात, अडतो की, तुझी विजारसुद्धा हलत नाही."

"नव्हतीच हलत."

बाबा खांबाला धरून उठले. उठायला वेळ लागला. मग त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली."

मी मूठ घट्ट केली. "कुणाला द्यायचीय?"

"मला."

बाबांनी कफनी खोचली आणि पुढच्या जागेवर बसले. मी बघतच राहिलो. बाबांना गाडी येते, हे मठात कुणी कधी बोललं नव्हतं.

"तुम्ही चालवणार?"

"मठात जन्मलो नाही मी. बस मागं."

"कुठं जायचं?"

"तलावाच्या बांधापर्यंत."

मी मागे बसलो. दिवस नुकताच मावळला होता. तलावावर का? मला वाटलं, तिथं दिगंबर जीप घेऊन उभा असणार. तिथंच मला सांगायचं ठरलं असणार.

गाडीनं वेग घेतला आणि माझ्या गुडघ्यांवर वारा आदळला.

झडपांवरून वळलेला तो वारा बाबांना टाळून नेमका मागे येत होता. आधी नुसता गार वाटला. मग टोचायला लागला. मी पाय आत ओढले, तर तोही आत आला. हातांनी गुडघे झाकले, तर बोटं बधिर झाली. पुढे बाबांच्या कफनीची कडसुद्धा हलत नव्हती.

बांधावर कुणीच नव्हतं. बाबा थांबले नाहीत. बांधाच्या टोकाला गाडी वळवली आणि तशीच परत आणली.

मठापुढं ते म्हणाले, "उतर."

मला उतरता येईना. गुडघा वळतच नव्हता.

पारूबाई दारात पोटली घेऊन उभी होती. तिनं बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आज कुणाला देऊ?"

"हणमंताला विचार," बाबा म्हणाले. "त्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं."

पारूबाई तोंडाला पदर लावून हसली. मी कसाबसा उतरलो. 'आदेश' म्हणून, आमच्या मठाचा नमस्कार तोच, बाबांपुढे वाकलो, तेव्हा त्यांचे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर आले. दोन्ही सुजून लाल झाले होते. फेरी सुरू झाल्यापासून मी रोज त्यांच्या पाया पडत होतो.

"बाबा... सांगायचं तरी."

"तू वारा अडतो का विचारलंस. अडत होता."

मी पोटली घेतली आणि बाबांच्या खोलीत गेलो. ते येईपर्यंत ती धरून बसलो. मग दोन्ही गुडघे मीच शेकले...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेतला आणि दोन्ही झडपा उतरवल्या. गाडी पुसून मठापुढं लावली. बाबा येतील की दिगंबरच्या जीपचा आवाज येईल, याचा अंदाज घेत उभा राहिलो. कान रस्त्याकडेच होते.

बाबा आले. क्रॅशगार्डकडे एकदा बघितलं आणि मागे बसले.

बांधावर वारा सुटला होता. माझ्या नडग्या पहिल्यासारख्याच बधिर झाल्या. गुरूला आपली पाठ लागू नये अशी आमच्याकडे रीत आहे, म्हणून मी टाकीला चिकटून बसलो होतो. मधे झोळी मावेल एवढी जागा होती, आणि तिथूनही वारा शिरत होता.

"बाबा, गुडघ्यांना लागतोय का?"

"लागतोय."

"मग आता काय लावू?"

बाबा माझ्या खांद्याला धरून म्हणाले,

"काही लावू नको. मागं सरक."